ऑटिझम असलेल्या मुलाचं खाणं: यादी हळूहळू कशी वाढवायची

सकाळी दूध, तेही निळ्याच कपातून. दुपारी पांढरा भात आणि तूप. मधल्या वेळी पार्ले-जी, पण तुटलेलं चालत नाही. रात्री पुन्हा भात आणि एकाच कंपनीचे वेफर्स. ऑटिझम असलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाची दिवसभराची यादी कितीतरी घरांत एवढीच असते. भातावर वरण पडलं की ताट ढकललं जातं, पोळीवर करपल्याचा ठिपका दिसला की रडारड. मग घरातली मोठी माणसं, शेजारीपाजारी, लग्नात भेटलेली मावशी, सगळे एकच सांगतात: "एक दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल."

हा सल्ला या मुलांच्या बाबतीत चुकीचा तर आहेच, धोक्याचाही आहे. यातली काही मुलं खरोखर दिवसभर उपाशी राहतात आणि तरी वरण खात नाहीत. भूक लागल्याची खूण त्यांना नीट कळत नाही, आणि कळली तरी समोरच्या पदार्थाची धास्ती भुकेहून मोठी असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका आढाव्यात ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये खाण्याच्या तक्रारी इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळल्या. त्यांच्या वाढीत मोठा फरक नव्हता, पण कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडत होती. मूल अंगानं बरं दिसतंय म्हणजे पोषण पुरतंय, असं धरून चालत नाही ते यामुळेच.

पुढे जे सांगणार आहे त्याचा पाया एवढाच: मुलाचा आज ज्या पदार्थांवर विश्वास आहे ते पदार्थ जपायचे, आणि तिथून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. याला महिने लागतात. आठवड्याभरात यादी दुप्पट करून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे भरू नका.

पायरी १: आधी दुखणं शोधा

जे मूल बोलत नाही, किंवा बोलतं पण "पोटात दुखतंय" हे सांगू शकत नाही, ते दुखणं ताटावर काढतं. म्हणून नवा पदार्थ पुढे करण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.

पहिला संशय बद्धकोष्ठावर घ्या. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये ते खूप दिसतं आणि तेवढंच नजरेतून सुटतं. तीन-तीन दिवस शी होत नाही, होते तेव्हा खडे पडतात, मूल पाय आवळून उभं राहतं किंवा पडद्यामागे जाऊन लपतं. कधी चड्डीला पातळ शी लागते आणि घरचे "पोट बिघडलंय" म्हणून जुलाब थांबवायचं औषध देतात. प्रत्यक्षात आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूनं पातळ मळ झिरपत असतो. आतडं भरलेलं असेल तर भूक कुठून लागणार? डॉक्टर मळ मऊ करणारं औषध देतात ते बऱ्याचदा काही महिने चालवावं लागतं. दोन दिवस पोट साफ झालं म्हणून स्वतःहून बंद करू नका. कमोडवर बसवताना पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल ठेवा, पाय लोंबकळत असले की जोर लावता येत नाही. पाणी घोटाघोटानं दिवसभर द्या. पपई, पेरू, भिजवलेलं सुकं अंजीर यांतलं काही मूल घेत असेल तर उत्तम. पुरंदरचं ताजं अंजीर हंगामात पुण्यात सहज मिळतं, पण त्यातल्या बिया आणि बुळबुळीतपणा प्रत्येकाला झेपतो असं नाही.

त्यानंतर दात. किडलेला दात असलेलं मूल एकाएकी कडक पदार्थ सोडतं. जेवणानंतर पाठ ताणणं, वारंवार आंबट ढेकर, रात्री रडत उठणं असं असेल तर आम्लपित्ताची शक्यता डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासा, कारण शरीरातला लोहाचा साठा हिमोग्लोबिनच्या आधी आटतो. मूल माती, खडू, भिंतीचा पोपडा, कागद खात असेल तर लोहाची तपासणी तर हवीच, रक्तातल्या शिशाचीही करून घ्या.

काही खुणा दिसल्या तर थांबू नका: वजन घटणं किंवा बराच काळ न वाढणं, पाणी पितानाही ठसका, जेवताना श्वास घरघरणं, होते ते पदार्थ एकेक करून सुटत जाणं. आणखी एक खूण फारशी कुणाला ठाऊक नसते. फळं-भाज्या अजिबात न खाणारं मूल अचानक लंगडायला लागलं, चालायला नकार देऊ लागलं, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तर हाडांच्या डॉक्टरांना ते काय-काय खातं हेही सांगा. क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा स्कर्व्ही फक्त जुन्या खलाशांना होत नसे. अगदी मोजके पदार्थ खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांमध्ये तो आजही सापडतो, आणि वेळेत ओळखला तर बराही होतो.

पायरी २: आठवडाभर फक्त लिहा

या आठवड्यात काही बदलायचं नाही. वहीत चार रकाने करा: किती वाजता, काय आणि किती, कुठे आणि कुणी दिलं, काय झालं. बिस्किटाचा अर्धा तुकडाही लिहा. बहुतेक घरांत वही भरली की पहिली गोष्ट ही दिसते की मूल जेवत नाही, पण दिवसभर काहीतरी चरत असतं. दुसरी गोष्ट म्हणजे दूध. रोज अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर पोट तिथेच भरतं आणि लोहही कमी पडतं.

मग मुलाला चालणारे सगळे पदार्थ एका पानावर मांडा आणि प्रत्येकापुढे रंग, पोत, तापमान, वास, आवाज, आकार लिहा. वेफर्स, खाकरा, पार्ले-जी, भाजलेला पापड: सगळं कोरडं, फिकट, कुरकुरीत आणि दर वेळी अगदी सारखं. आता भेंडीची भाजी पाहा. एक फोड मऊ, एक कडक, मध्येच मोहरी, मध्येच मिरचीचा तुकडा, आज तेल जास्त, उद्या कमी. पुढचा घास कसा लागेल याचा त्या मुलाला काहीच अंदाज येत नाही. पाकिटातल्या पदार्थांवर ही मुलं का अडतात ते इथे कळतं, आणि तो हट्ट नाही हेही कळतं.

चावणंही नीट बघा. मूल घास गालात साठवून ठेवतं का? फक्त पुढच्या दातांनी कुरतडतं का? मऊ भात गिळतं आणि पोळीचा तुकडा तोंडात फिरवून बाहेर काढतं का? तसं असेल तर अडचण आवडीनिवडीची नाही, जबड्याच्या आणि जिभेच्या कामाची आहे. त्यासाठी स्पीच थेरपिस्ट किंवा खाण्याच्या अडचणींवर काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमवायला शिकवणारे तज्ज्ञ) लागतात. ते होईपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं देऊ नका.

पायरी ३: वेळ, जागा आणि मोबाइल

तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, साधारण अडीच ते तीन तासांच्या अंतरानं. मध्ये फक्त पाणी. याला उपाशी ठेवणं म्हणत नाहीत, कारण प्रत्येक वेळी ताटात मुलाला हमखास चालणारा एक तरी पदार्थ असतो. काय, कधी, कुठे हे तुम्ही ठरवायचं. त्यातलं काय आणि किती खायचं हे मुलानं. "एकच घास, आईसाठी" हेही बंद. हे आज्जी-आजोबांना पटवणं सर्वांत अवघड जातं, कारण आपल्याकडे माया घासानं मोजतात. त्यांना वही दाखवा, त्यात सगळं स्पष्ट दिसतं.

पाय टेकतील अशी बैठक हवी. पाट-चौरंग किंवा पायाखाली आधार असलेली खुर्ची, काहीही चालेल, पण जागा रोज तीच. मिक्सर, कुकरची शिट्टी, टीव्ही हे आवाज जेवणाआधी उरकून घ्या. कढईतल्या फोडणीच्या वासानंच ज्याला उमासा येतो, त्याचं ताट स्वयंपाकघराबाहेर मांडा.

ताटाशेजारी एक छोटी रिकामी वाटी ठेवा, नको-वाटी. जे नको ते मुलानं तिच्यात टाकायचं. न बोलणाऱ्या मुलाला नकार देण्याची एवढी एक सोय झाली तरी ताट भिरकावणं बऱ्याच घरांत कमी होतं. पुढे काय येणार हे चित्रांनी दाखवा: आधी जेवण, मग झोका. बक्षीस म्हणून मात्र चॉकलेट-वेफर्स नकोत, त्यानं वेफर्सचा भाव वाढतो आणि भाजीचा पडतो.

मोबाइल दाखवून भरवण्याबद्दल पालकांना रागावण्यात अर्थ नाही. ती सवय बहुतेक वेळा मुलाच्या पोटात चार घास जावेत या काळजीतून लागलेली असते. पण पडद्याकडे बघत तोंड उघडणाऱ्या मुलाला घासाचा रंग, वास, पोत काहीच कळत नाही, आणि नवीन पदार्थाशी ओळख व्हायला तेच तर हवं. एकदम काढू नका. आधी सगळ्यात सोप्या खाण्याला, म्हणजे आवडत्या बिस्किटाच्या वेळी, मोबाइल दूर ठेवा. ते जमलं की पहिले पाच मिनिटं बिनमोबाइलचं जेवण. मग फक्त आवाज, चित्र नाही. पहिल्या आठवड्यात खाणं थोडं कमी होईल, त्याची तयारी ठेवा.

पायरी ४: ओळखीच्या पदार्थापासून साखळी

इथे खरं काम आहे. चालणाऱ्या पदार्थापासून हव्या असलेल्या पदार्थापर्यंत छोट्या-छोट्या कड्या जोडायच्या, आणि प्रत्येक कडीत रंग, पोत, चव, आकार यांतली एकच गोष्ट बदलायची.

भात-तूप खाणाऱ्या मुलासाठी: तोच भात, तेच तूप, पण थोडा अधिक मऊ. मग त्यावर चिमूटभर मेतकूट, ताटाच्या एका कोपऱ्यातच. मेतकूट भातात कालवलेलं चालू लागलं की ते थोडं वाढवा. त्यानंतर मेतकुटाऐवजी घोटलेलं, गाळलेलं, फोडणी नसलेलं पिवळं वरण, अर्धा चमचा. मेतकुटात डाळ असते आणि रंगही वरणाच्या जवळचा, त्यामुळे ही उडी छोटी पडते. पुढे वरण दाट, मग न गाळलेलं, मग त्यात शिजून विरघळलेला दुधी.

वेफर्सवाल्यासाठी: दुसऱ्या कंपनीचे साधे वेफर्स, मग घरी तळलेले बटाट्याचे काप, मग तव्यावर कुरकुरीत केलेले काप, मग तशाच केलेल्या रताळ्याच्या किंवा सुरणाच्या काचऱ्या. दुसरी वाट खाकऱ्याकडे जाते: साधा खाकरा, मेथी खाकरा, कडक भाजलेली पोळी, पातळ कुरकुरीत थालीपीठ. थालीपिठाची भाजणी एकदा घरात रुळली की ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद एकाच पदार्थातून पोटात जातात, म्हणून मी या वाटेवर जास्त भर देते.

दुधावर अडलेल्या मुलासाठी: दुधात अर्धा चमचा शिजवलेलं नाचणी सत्त्व, इतकं पातळ की रंग जेमतेम बदलावा. दर चार-पाच दिवसांनी थोडं दाट. खिरीइतकं झालं की वाटी-चमचा, आणि कपातून वाटीत येणं ही सुद्धा स्वतंत्र कडी धरा.

कडी तुटली तर मागच्या कडीवर या आणि आठवडाभर तिथेच थांबा. एका वेळी दोन साखळ्या चालवू नका.

पायरी ५: खाण्याआधीच्या पायऱ्या

नवा पदार्थ तोंडात जाण्याआधी बराच प्रवास करतो. आधी तो टेबलावर दुसऱ्याच्या ताटात असतो. मग मुलाच्या ताटाशेजारच्या वाटीत. मग ताटात, पण भाताला न चिकटता. मग बोटानं स्पर्श, वास, ओठांना लावणं, जिभेचं टोक, चावून थुंकणं आणि शेवटी गिळणं. थुंकणं ही प्रगती आहे, त्यावर रागावू नका. एखादा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो असं सर्वसाधारण मुलांबद्दल म्हणतात, या मुलांना त्याहून बऱ्याच जास्त वेळा लागू शकतात. तेव्हा वाटाण्याएवढाच नमुना ठेवा, वाया गेला तरी जीव हळहळत नाही.

जेवणाच्या वेळेबाहेरची ओळख फार उपयोगी पडते. सासवडचा मटार बाजारात आला की शेंगा सोलायला बसवा, खाण्याचं नावही काढू नका. कणीक मळणं, कोथिंबीर निवडणं, केळं सोलणं, लिंबू पिळणं, सगळं चालेल. महात्मा फुले मंडईत नेण्याचा मोह मात्र आवरा, तिथला गलका आणि वास अनेकांना सोसत नाहीत. भाजी घरी आणून शांतपणे पसरा.

लपवाछपवी करू नका

पालकाच्या भाजीची पेस्ट पोळीच्या पिठात, औषध चुरडून दुधात: हे बहुतेक घरांत होतं. या मुलांची जीभ फार तीक्ष्ण असते. एकदा दुधात औषधाची चव लागली की औषध तर जात नाहीच, दूधही कायमचं सुटू शकतं, आणि चारच पदार्थ असलेल्या मुलाचा एक पदार्थ जाणं परवडणारं नाही. पिठात काही मिसळायचं असेल तर मुलाच्या देखत मिसळा आणि प्रमाण चिमटीचं ठेवा. औषध वेगळ्या चमच्यातून, वेगळ्या जागी द्या. चव बदललेला किंवा दुसऱ्या रूपातला पर्याय डॉक्टरांना मागा.

नेमकं काय कमी पडतं

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम, ११ मिलिग्रॅम लोह आणि १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७ ते ९ वर्षांत हेच आकडे ६५०, १५ आणि २३ असे होतात. दोनशे मिली दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. दूध सोडलेल्या मुलासाठी नाचणी (१०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम) आणि तीळ (१०० ग्रॅममध्ये हजाराच्या वर) हे मोठे आधार आहेत, तिळाचं कूट तर कोरड्या पदार्थांवर सहज भुरभुरता येतं.

लोहाच्या बाबतीत चहाकडे लक्ष द्या. चहा-पोळी, चहा-बिस्किट हा अनेक मुलांचा ठरलेला नाश्ता आहे, आणि चहा अन्नातलं लोह शरीरात नीट शोषू देत नाही. चहाची जागा हळूहळू दुधानं घ्यावी, तीही साखळीनंच, चहाचं पाणी कमी करत. लिंबू उलट मदत करतं, म्हणून पोह्यांवर ते पिळलेलं असावं. क जीवनसत्त्वासाठी पेरूसारखं फळ नाही, १०० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमच्या आसपास. बिया खुपत असतील तर काढून द्या.

ड जीवनसत्त्व अन्नातून पुरेसं मिळणं कठीण असतं. ते आणि लोह ही पूरक औषधं तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावीत. मोठाल्या डबीतल्या प्रोटीन पावडरींचा मला आग्रह वाटत नाही. मूल खरोखर फार कमी खात असेल तर त्यांचा उपयोग होतो, पण तो निर्णय आहारतज्ज्ञाचा असावा.

गहू आणि दूध बंद करायचं का?

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत हा विषय सारखा येतो. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) आणि केसिन (दुधातलं प्रथिन) वगळलेल्या आहारानं ऑटिझमची मूळ लक्षणं कमी होतात याला भरवशाचा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या सूचनांत मूळ लक्षणांसाठी असा आहार वापरू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. सीलिअ‍ॅक आजार (ग्लुटेननं आतड्याला इजा होते तो), दुधाची अ‍ॅलर्जी किंवा दूध न पचणं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वगळावंच लागतं. पण सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते, आधीच बंद केला तर ती फसवी येते. आणि ज्याच्या यादीत पोळी, बिस्किट आणि दूध एवढंच आहे, त्याच्याकडून तेच काढून घेतलं तर उरतं काय? तरीही करून बघायचंच असेल तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठी, आणि आधी-नंतरच्या लेखी नोंदींसह.

औषधं, शाळा, सणवार

चिडचिड-आक्रमकपणासाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी भूक खूप वाढते आणि वजन झपाट्यानं चढतं. अतिचंचलतेसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटनं ती मरते, मग सकाळचं खाणं गोळीच्या आधी आणि पोटभरीचं जेवण संध्याकाळी उशिरा ठेवावं लागतं. वजन दर महिन्याला लिहा.

शाळेच्या डब्यात प्रयोग नको. डबा शंभर टक्के ओळखीचा, नवे प्रयत्न घरी. "डबा संपवलाच पाहिजे" हा नियम या मुलाला लावू नये, असं शिक्षकांना लेखी द्या.

गणपतीच्या आधी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. त्या आवाजानं ज्याची झोप उडते त्याचं खाणंही आक्रसतं. त्या काळात साखळी थांबवा, आहे ते टिकवा. लग्नाला जाताना मुलाला घरी जेवू घाला, त्याचा डबा आणि त्याचा चमचा बरोबर न्या, आणि हॉलमध्ये पंगतीऐवजी बाजूची शांत जागा आधीच हेरून ठेवा. कुणी विचारलं तर "त्याचं जेवण झालंय" एवढं पुरे.

पुण्यात मदत कुठे

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र आणि प्रसन्न ऑटिझम सेंटर ही दोन ठिकाणं अनेक पालकांना माहीत असतात. सरकारी वाटेनं जायचं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (मुलांच्या विकासातल्या अडचणी तपासून उपचार करणारं केंद्र) चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. थेरपिस्ट निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: "मूल तोंड उघडत नसेल तर तुम्ही काय करता?" हात धरून, नाक दाबून भरवतो असं उत्तर आलं तर तिथून निघा.

खर्चासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना पाहा. ऑटिझमचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र असलेल्यांना तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि ठरलेल्या मर्यादेत थेरपीचा खर्चही बसतो. प्रमाणपत्र नसेल तर त्याचा अर्ज आधी करा. पहिल्या भेटीला जाताना आठवड्याची वही, चालणाऱ्या पदार्थांचं पान, जुने रक्ताचे अहवाल आणि मूल जेवत असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्या. अनोळखी खोलीत मूल बहुधा काहीच खाणार नाही, तेव्हा तो व्हिडिओच डॉक्टरांच्या कामी येईल.